भीति, हिशेब आणि विमा

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत नव्या हंगामाची लगबग सुरू होई. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेलीं गलबतें पुन्हां पाण्यांत लोटलीं जात, शिडें आणि दोर तपासले जात, आणि सराफांच्या पेढ्यांवर व्यापाऱ्यांची ये-जा वाढे. या व्यवहारांत कागदाचा एक लहानसा तुकडा हातोहात फिरे. त्याला ‘जोखमी हुंडी’ म्हणत.

साधी हुंडी म्हणजे पैसे देण्याची आज्ञा. मुदत भरली कीं ती पटवावयाची. मग माल पोहोंचो अथवा न पोहोंचो. जोखमी हुंडीचें तसें नव्हतें. माल गलबतावर चढविणारा व्यापारी त्या मालावर हुंडी लिही आणि ती सराफास विकून पैसे आधींच पदरांत पाडून घेई. हुंडींत गलबताचा निर्देश असे. गलबत ठरलेल्या बंदरास सुखरूप लागलें तर तेथें माल घेणाऱ्यानें हुंडीचे पैसे द्यावयाचे. वाटेंत तें बुडालें तर हुंडीहि त्याबरोबर बुडाली. ती विकत घेणाऱ्या सराफास मग कोणाकडेहि दाद मागतां येत नसे. अर्थात् कर्ज देणें, एका गांवचा पैसा दुसऱ्या गांवीं पोहोंचविणें आणि मालाचा विमा उतरणें, हीं तिन्ही कामें त्या एका कागदानें साधत.

या व्यवहारांतील दोन माणसांकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. गलबत पैलतीरास लागेल कीं नाहीं, हें माल पाठविणाऱ्यास ठाऊक नव्हतें आणि हुंडी घेणाऱ्यासहि नव्हतें. समुद्र दोघांना सारखाच अगम्य. असें असतां एक जण आपली जोखीम पैसे देऊन दूर लोटतो आणि दुसरा तीच जोखीम पैसे घेऊन जवळ करतो. दोघेहि व्यवहारांत मुरलेले. दोघांपैकीं एकहि मूर्ख नव्हे. एकाच अनिश्चित गोष्टीसंबंधानें दोन शहाण्या माणसांनीं परस्परविरुद्ध निर्णय घ्यावे, आणि ते दोन्ही योग्य असावे, हें कसें? विम्याचा सारा इतिहास म्हणजे या कोड्याचें उत्तर शोधण्याचा इतिहास होय.

आपल्या देशांत हा व्यवहार समुद्रापुरताच मर्यादित नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुजानराय भंडारी या इतिहासकारानें ‘खुलासत-उत्-तवारीख’ नांवाचा फारसी ग्रंथ लिहिला. भयाच्या वाटेनें जाणारा व्यापाऱ्यांचा माल सुखरूप पोहोंचविण्याची हमी सराफ घेत, आणि त्या हमीला ‘बीमा’ म्हणत, असें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. मराठींतील ‘विमा’ तो हाच. या शब्दाचें नातें फारसींतील ‘बीम’ या शब्दाशीं लावतात, आणि ‘बीम’ म्हणजे भीति. युरोपांतहि हा धंदा जुना आहे. इटलींतील जिनोव्हा येथील सागरी विम्याचा १३४७ सालचा करार आजहि उपलब्ध आहे. परंतु मुंबई असो कीं जिनोव्हा असो, जोखीम घेणाराचें भांडवल म्हणजे त्याची नजर. हंगाम लवकरचा कीं उशिराचा, गलबत नवें कीं जुनें, तांडेल जाणता कीं नवशिका, चांच्यांचें भय किती, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे समोरच्या माणसाची पत कशी, याचा अंदाज घेऊन तो भाव सांगे. त्याच्यापाशीं अनुभव होता, कोष्टक नव्हतें.

मालाच्या बाबतींत एवढ्यावर भागलें. मनुष्याच्या आयुष्याचा प्रश्न आला तेव्हां मात्र ही नजर अपुरी पडली. प्रथम तर आयुष्यावर विमा उतरावा कीं नाहीं, हाच वाद होता. फ्रान्समध्यें १६८१ सालच्या सागरी कायद्यानें मनुष्याच्या आयुष्यावर विमा उतरण्यास बंदी केली. इंग्लंडांत बंदी नव्हती, परंतु तेथें विमा आणि जुगार यांच्यामधली रेघ पुसट झाली होती. ज्याच्याशीं कसलाहि संबंध नाहीं अशा माणसाच्या मरणावर पैसे लावावे आणि वर्तमानपत्रांत त्याच्या दुखण्याची बातमी वाचून मनांत हिशेब करीत बसावें, हा प्रकार लंडनमध्यें सर्रास चाले. अखेर १७७४ सालीं पार्लमेंटास कायदा करावा लागला कीं, ज्याच्या जगण्यांत आपला कांहीं हितसंबंध नाहीं त्याच्या आयुष्यावर विमा उतरतां येणार नाहीं. भीतीपोटीं घेतलेला निर्णय आणि हांवेपोटीं घेतलेला निर्णय यांचा कागद सारखाच दिसतो. फरक असतो तो कागद घेणाऱ्याच्या स्थितींत. त्या फरकाला कायद्यानें अशा रीतीनें मान्यता दिली.

मरणाचा हिशेब मांडतां येतो, ही कल्पना आली ती एका विलक्षण मार्गानें. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धासाठीं इंग्लंडच्या सरकारास पैसा हवा होता. १६९२ सालच्या कायद्यानें सरकारनें तहहयात वर्षासनें विकण्यास काढलीं: शंभर पौंड एकदम द्यावे आणि हयात असेपर्यंत दरसाल चौदा पौंड घ्यावे. वर्षासन कोणाच्या हयातीवर बांधावयाचें तें घेणाऱ्यानें ठरवावयाचें, आणि किंमत मात्र सर्वांस एकच. दहा वर्षांच्या मुलाच्या हयातीवर घेतलें तरी शंभर पौंड, साठ वर्षांच्या वृद्धाच्या हयातीवर घेतलें तरी शंभरच. सरकारास यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. कारण कोण केव्हां मरेल हें देवावांचून कोणास ठाऊक, ही समजूत.

याच सुमारास ब्रेस्लाउ शहरांतून कांहीं आंकडे लंडनच्या रॉयल सोसायटीकडे आले. हें शहर आज पोलंडमध्यें असून व्रॉत्स्वाफ या नांवानें ओळखलें जातें. तेथील कॅस्पर नॉयमान या धर्मोपदेशकानें गांवांतील जन्म आणि मृत्यु यांची, वयें आणि लिंग यांसह, काळजीपूर्वक नोंद ठेविली होती. १६८७ ते १६९१ या पांच वर्षांच्या नोंदी एडमंड हॅले या ज्योतिर्विदाच्या हातीं पडल्या. धूमकेतूच्या पुनरागमनाचें गणित ज्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे तोच हा हॅले. त्यानें १६९३ सालीं त्या नोंदींवरून एक सारणी प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षांतील एक हजार बालकें धरलीं तर विसाव्या वर्षापर्यंत ५९८ उरतात, चाळिसाव्यापर्यंत ४४५, साठाव्यापर्यंत २४२, आणि ऐंशीव्यापर्यंत अवघीं ४१. वीस वर्षांचा मनुष्य येतें वर्ष पार पाडील अशी पैज शंभरास एक या प्रमाणांत लावतां येईल. पन्नास वर्षांच्या मनुष्याविषयीं तीच पैज अडतीसास एक एवढीच. मग हॅलेनें सरकारच्या वर्षासनांकडे बोट दाखविलें. त्या काळच्या व्याजाच्या दरानें तरुण माणसाच्या वर्षासनाची किंमत तेरा वर्षांच्या उत्पन्नाहूनहि अधिक भरते. आणि सरकार तें सात वर्षांच्या उत्पन्नाला विकून बसलें होतें.

धूमकेतूचें गणित आणि मरणाचें गणित यांत एक मोठा भेद होता. धूमकेतु एक असतो आणि त्याची वेळ सांगतां येते. मनुष्य एक असला तर त्याची वेळ सांगतां येत नाहीं. मनुष्य हजार असले तर त्यांपैकीं किती राहतील तें बरेंचसें सांगतां येतें. हॅलेच्या सारणीनें कोणा एकाचेंहि भविष्य उलगडलें नाहीं. व्यक्तीच्या बाबतींत जें अंधारांत आहे तें समुदायाच्या बाबतींत उजेडांत येतें, एवढेंच तिनें दाखविलें. विम्याचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे.

पण एवढ्यानें पहिलें कोडें सुटलें नाहीं. समुदायांतील किती जण बुडणार हें कळलें तरी, एकेका माणसानें जोखीम आपल्याकडे ठेवावी कीं दुसऱ्यास द्यावी, हें कशावरून ठरवावें? या प्रश्नाचें उत्तर १७३८ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेच्या ग्रंथांत डॅनियल बर्नूली या गणितज्ञानें दिलें, आणि त्यासाठीं त्यानें एका व्यापाऱ्याचेंच उदाहरण घेतलें. ॲम्स्टरडॅममध्यें घेतलेला माल पीटर्सबर्गला सुखरूप पोहोंचला तर दहा हजार रूबल येणार. त्या ऋतूंत शंभर गलबतांपैकीं पांच बुडतात, असा अनुभव. विमा उतरणारा आठशें रूबलांखालीं यावयास तयार नाहीं. साध्या त्रैराशिकानें पाहिलें तर शेंकडा पांच या हिशेबानें जोखमीचें मोल पांचशें रूबल, मागणी आठशेंची. म्हणजे विमा उतरणें हा तीनशें रूबलांचा उघड तोटा.

बर्नूलीनें म्हटलें, हा हिशेब अपुरा आहे, कारण रूबलाचें मोल सर्वांच्या हातीं सारखें नसतें. ज्याच्यापाशीं थोडे रूबल आहेत त्याला एकेक रूबल जड. ज्याच्यापाशीं पुष्कळ आहेत त्याला हलका. हा विचार गणितांत घालून त्यानें आंकडे काढले. या मालाखेरीज ज्याच्यापाशीं ५,०४३ रूबलांहून कमी संपत्ति आहे त्यानें आठशें रूबल देऊन विमा उतरावा, तेंच शहाणपणाचें. त्याहून अधिक असेल तर उतरूं नये. आणि तोच विमा आठशें रूबलांत घेणाऱ्यापाशीं निदान १४,२४३ रूबल असले पाहिजेत. नाहीं तर त्यानें तो घेऊं नये. जोखमी हुंडीच्या दोन माणसांचें कोडें येथें सुटतें. सराफ आणि व्यापारी दोघेहि बरोबर होते, कारण दोघांनीं गलबताकडे एकाच नजरेनें पाहिलें असलें तरी आपापल्या घरांतील तिजोरीकडे पाहून निर्णय घेतला होता. संकट येण्याचा संभव किती, हा अर्धा प्रश्न. आलें तर तें कोणाला पेलेल, हा उरलेला अर्धा.

हा विचार पुस्तकांत राहिला नाहीं. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकांच्या विधवांचे हाल त्या काळीं फार होते. घर चर्चचें आणि वेतन चर्चचें. धनी गेला कीं दोन्ही जात. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांनीं या संकटावर उपाय म्हणून केवळ दानपेटी फिरविली नाहीं. गांवोगांवच्या चर्चांतून त्यांनीं माहिती मागविली. एकंदर ९३० उपदेशक. दरसाल त्यांपैकीं सरासरीनें २७ मरतात. त्यांपैकीं १८ जणांच्या पश्चात् विधवा राहतात. हें सर्व गणित एडिंबराच्या विद्यापीठांतील कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञाकडून तपासून घेतलें, आणि १७४४ सालीं निधि सुरू झाला. वर्गणीचे चार वर्ग होते. सर्वांत खालच्या वर्गांत दरसाल २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स भरावे आणि पश्चात् विधवेस १० पौंड वर्षासन मिळावें. सर्वांत वरच्या वर्गांत ६ पौंड ११ शिलिंग ३ पेन्स भरावे आणि २५ पौंड मिळावे. कोणता वर्ग निवडावा हें ज्याचें त्यानें, आपली मिळकत आणि आपली बायकामुलें डोळ्यांपुढें आणून, ठरवावयाचें. १७६५ सालीं निधि ५८,३४८ पौंडांचा होईल असा अंदाज होता. त्या सालीं तो प्रत्यक्षांत भरला ५८,३४७ पौंड.

लंडनमध्यें मात्र हिशेबाला दार उघडण्यास वेळ लागला. तेथें १७०६ सालापासून ‘ॲमिकेबल सोसायटी’ नांवाची संस्था होती. सभासदांनीं वयाचा विचार न करतां सारखी वर्गणी भरावी आणि वर्षअखेर जमलेल्या रकमेंतून मृत सभासदांच्या वारसांस वांटणी मिळावी, अशी तिची पद्धति. ज्या वर्षीं मरणें थोडीं त्या वर्षीं वारसांचा वांटा मोठा. सांथ आली तर लहान. पंचेचाळीस वर्षांवरील मनुष्यास ती घेतच नसे. जेम्स डॉडसन नांवाच्या गणितशिक्षकास १७५६ च्या सुमारास याच कारणानें नकार मिळाला. वय अधिक असेल तर अधिक हप्ता घ्यावा, पण विमा द्यावा. आणि वारसांस मिळणारी रक्कम आधीं ठरलेली असावी, असा विचार डॉडसननें मांडला आणि त्यासाठीं कोष्टकें केलीं. १७५७ सालीं तो वारला. त्याच्या अनुयायांनीं राजाकडे सनद मागितली. तेव्हां सरकारी कायदेपंडितांनीं आक्षेप घेतला कीं, जन्ममरणाच्या कोष्टकांवर उभारलेली ही योजना म्हणजे निव्वळ तर्क, व्यवहारांत ती कोणींहि अजमावून पाहिलेली नाहीं. सनद नाकारली गेली. तरीहि १७६२ सालीं, सनदेवांचूनच, ‘इक्विटेबल सोसायटी’ उभी राहिली, आणि वयानुसार हप्ता ही पद्धति रूढ झाली.

या संस्थेच्या पहिल्या कोष्टकांत एक चूक होती. तीं लंडनच्या मृत्यूंच्या नोंदींवरून केलेलीं. आणि त्या गजबजलेल्या, रोगट शहरांत मरणाचें प्रमाण विमा उतरणाऱ्या सुस्थित लोकांहून पुष्कळ अधिक होतें. त्यामुळें हप्ते चढे राहिले आणि संस्थेकडे शिल्लक सांचत गेली. पुढें रिचर्ड प्राइस यानें नॉर्दम्प्टन गांवच्या नोंदींवरून केलेली सारणी तिनें स्वीकारली आणि हप्ते उतरविले. पण त्या सारणींतहि मरणें वाजवीहून अधिक धरलेलीं होतीं. हीच सारणी हातीं घेऊन इंग्लंडच्या सरकारनें १८०८ साली पुन्हां वर्षासनें विकण्यास काढलीं. एकाच चुकीचीं दोन फळें कशीं येतात पाहा: जेथें मेल्यावर पैसे द्यावयाचे तेथें विमासंस्थेचा फायदा झाला, आणि जेथें जिवंत असेपर्यंत पैसे द्यावयाचे तेथें सरकारी तिजोरीस गळती लागली. शिवाय वर्षासन घेण्यास येतो तो धडधाकट मनुष्य. अंथरुणास खिळलेला कोणी येत नाहीं. घेणाऱ्यास स्वतःविषयीं जें ठाऊक असतें तें देणाऱ्याच्या कोष्टकांत नसतें. जॉन फिनलेसन या हिशेबनिसानें ही गळती उघडकीस आणली आणि १८२८ सालीं ती विक्री थांबविण्यांत आली.

कोष्टकें तयार झालीं, संस्था उभ्या राहिल्या. तरी लोक विमा उतरीत होते काय? ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत या प्रश्नाचा विचार केला आहे. विसांपैकीं एकोणीस, किंबहुना शंभरांपैकीं नव्व्याण्णव घरांवर आगीचा विमा नाहीं, असें त्याचें निरीक्षण. ज्या मोठ्या व्यापाऱ्याचीं वीस-तीस गलबतें समुद्रावर आहेत त्यानें विमा उतरला नाहीं तर तें समजण्यासारखें आहे, कारण त्याचीं गलबतेंच एकमेकांचा विमा असतात. परंतु बहुतेक लोक असा हिशेब करून विमा टाळीत नाहींत. आपल्यावर वेळ येणार नाहीं या भरंवशावर ते टाळतात. तींच माणसें सोडतीचें तिकीट मात्र हौसेनें घेतात. सोडतींतलें बक्षीस आपल्यालाच मिळेल असें वाटावें आणि आग मात्र शेजाऱ्याच्याच घराला लागेल असें वाटावें, हा मनुष्यस्वभाव स्मिथनें अचूक हेरला होता.

हिंदुस्थानांत या इतिहासानें जें वळण घेतलें तें यापेक्षां कडवट आहे. १८१८ सालीं कलकत्त्यास ‘ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी’ निघाली. ती युरोपियनांनीं, मुख्यतः इकडे आलेल्या युरोपियनांच्या कुटुंबांसाठीं काढलेली होती. हिंदी माणसाचें आयुष्य विम्यास घेण्यास या कंपन्या प्रथम तयार नव्हत्या. बाबू मोतीलाल शील यांच्यासारख्या प्रतिष्ठितांच्या खटपटीनें त्या तयार झाल्या, पण हिंदी आयुष्य कमी प्रतीचें ठरवून त्यावर भारी जादा हप्ता घेऊं लागल्या. कलकत्त्यांतील किंवा मुंबईंतील सुस्थित हिंदी गृहस्थ त्याच वयाच्या साहेबाहून खरोखरच लवकर मरतो काय, हें दाखविणारी त्याच्या स्वतःच्या समाजाची सारणी त्या काळीं तयार झालेली नव्हती. ब्रेस्लाउच्या नोंदींपूर्वीं सर्व माणसांना एकच भाव होता. येथें नोंद नसतांना दोन भाव ठरले. अज्ञान दोन्हीकडे सारखेंच. पण येथें त्या अज्ञानाचा दंड दुसऱ्यानें भरावा अशी व्यवस्था झाली. जोखीम घेणाराच्या मनांतील भीति आंकड्याचा वेष घेऊन हप्त्याच्या पुस्तकांत बसली.

याच काळांत हिंदी माणसाची विम्याची गरज मात्र वाढत होती. पिढ्यान् पिढ्या एकत्र कुटुंब हेंच विमासंस्थेचें काम करीत आलें होतें. कर्ता गेला तर भाऊ होता. भाऊ गेला तर चुलता होता. शेताचा तुकडा होता. आणि विधवा व पोरकीं मुलें त्याच चुलीवर जेवत. त्या व्यवस्थेंत हप्ता होता तो पैशाचा नव्हे. दुसऱ्याच्या संसाराचा भार उचलण्याच्या कर्तव्याचा. कोंकणांतून अथवा देशावरून मुंबईस येऊन कचेरींत कारकुनी करणारा गृहस्थ महिन्याच्या पगारावर बिऱ्हाड मांडून बसला, तेव्हां या जुन्या विम्यापासून तो दूर गेला. त्याची मिळकत त्याच्या श्वासाबरोबर संपणारी होती. बर्नूलीच्या हिशेबानें पाहिलें तर विम्याची सर्वांत अधिक गरज असणारा मनुष्य तो हाच. आणि नेमका त्याच्याकडूनच जादा हप्ता मागितला जात होता.

या कोंडींतून वाट निघाली ती मुंबईंत. १८७० सालीं ‘बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटी’ स्थापन झाली आणि तिनें हिंदी आयुष्यें साधारण दरानेंच विम्यास घेतलीं. १८७४ सालीं मुंबईंतच ‘ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ ॲश्युरन्स कंपनी’ निघाली. नांवांतील ‘गव्हर्नमेंट सिक्युरिटी’ हे शब्द लक्षांत घेण्यासारखे आहेत. विमा उतरणाऱ्या सामान्य मनुष्यास मृत्यूची सारणी वाचतां येत नाहीं. त्याला एवढेंच समजून घ्यावयाचें असतें कीं, आज दिलेला पैसा वीस वर्षांनीं, आपण डोळे मिटल्यावर, आपल्या बायकोच्या हातीं पडेल काय. जोखमी हुंडी घेतांना सराफ व्यापाऱ्याची पत पाहत असे. आतां पारडें फिरलें होतें. पत पाहण्याची पाळी जोखीम देणारावर आली होती.

ती पत नेहमींच खरी ठरली असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वदेशीच्या चळवळीबरोबर देशी विमाकंपन्या पुष्कळ निघाल्या. त्यांत भक्कम होत्या तशा पोकळहि होत्या. लहान ‘प्रॉव्हिडंट’ मंडळ्यांपैकीं कांहीं तर लग्न आणि जन्म यांवरहि विमे घेत, आणि जमलेली वर्गणी वांटून देण्याची जुनी ‘ॲमिकेबल’ तऱ्हा चालवीत. दीडशें वर्षांपूर्वीं लंडनमध्यें जी सदोष ठरली होती तीच. नवे सभासद येत तोंवर जुन्यांस मिळे. ओघ आटला कीं मागें राहिलेल्यांच्या हातीं पावती तेवढी उरे. १९१२ सालीं आयुर्विमा कंपन्यांसाठीं आणि प्रॉव्हिडंट मंडळ्यांसाठीं कायदे झाले, आणि हप्त्यांचीं कोष्टकें विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणें आयुर्विमा कंपन्यांस भाग पडलें. १९३८ सालच्या सर्वंकष विमा कायद्यानें वांटणीच्या तत्त्वावरील धंदा बंद केला.

दुसरीकडे एक शांत काम चाललें होतें. मुंबईच्या ‘ओरिएंटल’ कंपनीपाशीं आतां स्वतःच्या विमेदारांचा दीर्घ अनुभव सांचला होता. १९२५ ते १९३५ या दहा वर्षांतील त्या अनुभवावरून मृत्यूची जी सारणी तयार झाली ती या देशांतील आयुर्विम्याच्या गणिताचा आधार बनली, आणि पुढें कित्येक वर्षें आधार राहिली. नॉयमाननें ब्रेस्लाउमध्यें जें केलें तें येथें सुमारें दोनशें चाळीस वर्षांनीं, येथल्याच माणसांविषयीं झालें. हिंदी मनुष्य किती जगतो या प्रश्नाला अखेर हिंदी माणसांच्या नोंदींतूनच उत्तर मिळालें.

पत आणि हिशेब यांचा पुढचा टप्पा याच नभोवाणीवरून देशाला कळला. १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरील भाषणांत आयुर्विम्याचा धंदा सरकार आपल्या हातीं घेत असल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं देशांत देशी, परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट मंडळ्या मिळून २४५ संस्था हा धंदा करीत होत्या. त्या सर्वांचें काम एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ अस्तित्वांत आलें. पुढें १९९९ सालच्या कायद्यानें खासगी कंपन्यांस पुन्हां वाट मोकळी झाली. संस्था बदलल्या, कायदे बदलले. प्रत्येक बदलाच्या मुळाशीं प्रश्न मात्र तोच होता कीं, जोखीम ज्याच्या हवालीं करावयाची तो ती पेलूं शकेल काय, आणि वेळ आल्यावर शब्द पाळील काय.

या दीर्घ हकीकतींतून एक गोष्ट स्पष्ट होते. हिशेबानें अनिश्चितता नाहींशी झालेली नाहीं. हजारांतून किती जातील हें हॅलेच्या सारणीला सांगतां आलें; कोण जाईल हें तिला सांगतां आलें नाहीं, आणि आजच्या सूक्ष्म सारण्यांनाहि सांगतां येत नाहीं. म्हणून निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हां मनुष्य पुन्हां त्या बंदरावरील व्यापाऱ्याच्या जागीं उभा असतो. त्यानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न ‘माझें गलबत बुडेल काय’ हा नव्हे, कारण त्याला उत्तर नाहीं. ‘बुडालें तर घरीं चूल कशावर पेटेल’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण त्याचें उत्तर ज्याचें त्याला, दिवा लावून घरांतलें हिशेबाचें बाड उघडलें तर, त्याच संध्याकाळीं मिळतें.